युरोपाकडे निघताना काय मागे ठेवलं

14 ऑक्टोबर 2024 रोजी फ्लोरिडातल्या केनेडी अवकाश केंद्रावरून ‘युरोपा क्लिपर’ हे नासाचं यान गुरूच्या युरोपा या चंद्राकडे रवाना झालं. इंधनासह जवळपास सहा टन वजन, या टोकापासून त्या टोकापर्यंत 30 मीटरहून लांब पसरणारे सौरपंख, नऊ वैज्ञानिक उपकरणं आणि एकूण खर्च सुमारे 5.2 अब्ज डॉलर. दुसऱ्या ग्रहाकडे पाठवण्यासाठी एवढं मोठं यान नासानं याआधी बांधलेलं नव्हतं. युरोपाचं नाव निघालं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तिथे जीव आहेत का? आणि या अवाढव्य यानावर त्या प्रश्नाचा थेट निकाल लावण्यासाठी नेमलेलं एकही उपकरण नाही. क्लिपरला सोपवलेला प्रश्न एक पायरी अलीकडचा आहे: जीव तगून राहू शकतील अशी परिस्थिती तिथे आहे का? एवढा पैसा आणि एवढी वर्षं घालवून मूळ प्रश्नाला बगलच द्यायची असेल तर जायचं कशाला, असं अनेकांना वाटतं. मला ही बगल वाटत नाही. दूरच्या चंद्रांच्या मोहिमांचा गेल्या तीसेक वर्षांचा हिशेब मांडला तर दिसतं ते असं, की मोहीम बहुतेक वेळा उड्डाणाच्या कितीतरी आधी कागदावरच तरते किंवा बुडते. आणि ज्यांनी आपला प्रश्न त्या जागेला झेपेल एवढा छाटून घेतला, त्याच तरल्या आहेत.

युरोपाच का, हे आधी थोडक्यात पाहू. गॅलिलिओनं 1610 च्या जानेवारीत गुरूचे जे चार चंद्र पाहिले त्यांतला हा सर्वांत लहान. व्यास सुमारे 3,120 किलोमीटर, म्हणजे आपल्या चंद्राहून जरासा कमी. 1979 मध्ये व्हॉयेजर यानांनी पाठवलेल्या चित्रांत त्याचा पृष्ठभाग बर्फाचा, लांबलचक भेगांनी रेखलेला आणि विवरं जवळपास नसलेला दिसला. विवरं नाहीत याचा अर्थ पृष्ठभाग जुना नाही, खालून काहीतरी त्याला सतत नवं करतं आहे. आयो, युरोपा आणि गॅनिमीड यांच्या प्रदक्षिणा एकमेकींशी 1:2:4 अशा बांधलेल्या आहेत. त्यामुळे युरोपाची कक्षा पूर्ण वर्तुळाकार होऊच शकत नाही, आणि दर साडेतीन दिवसांच्या फेरीत गुरू त्याला कमीजास्त ताणत राहतो. या मळण्यातून उष्णता निर्माण होते. बर्फाखाली पाणी द्रवरूपात राहू शकेल हा तर्क इथून आला, पण त्याला सर्वांत भक्कम आधार मिळाला तो छायाचित्रांतून नव्हे. गॅलिलिओ यान 3 जानेवारी 2000 रोजी युरोपाजवळून गेलं, तेव्हा त्यावरच्या चुंबकमापीनं नोंदवलं की गुरूचं चुंबकीय क्षेत्र दिशा बदलतं तसं युरोपाभोवतीचं क्षेत्रही बदलतं. विजेचं वहन करणारा थर आत असल्याशिवाय असं होत नाही, आणि खारं पाणी तसं वहन करतं. मार्गारेट किव्हलसन आणि कृष्ण खुराना यांच्या गटाचा हा निष्कर्ष. आजचा अंदाज असा, की पंधरा-पंचवीस किलोमीटर बर्फाखाली एवढं पाणी आहे की पृथ्वीवरचे सगळे महासागर दुप्पट केले तर बरोबरी व्हावी. गॅलिलिओचा मुख्य अँटेना 1991 मध्ये उघडलाच नव्हता, त्यामुळे ते यान आयुष्यभर अगदी मुंगीच्या गतीनं माहिती पाठवत राहिलं. तरीही महासागराचा पुरावा हाती आला, कारण चुंबकमापीला चित्रांच्या तुलनेत फारच थोडा डेटा पाठवावा लागतो.

आता जागेच्या अटी. गुरूपाशी सूर्यप्रकाश पृथ्वीच्या जेमतेम चार टक्के, म्हणून सौरपंख एवढे प्रचंड. रेडिओ संदेशाला एका बाजूनं जायला सरासरी पाऊण तास लागतो, त्यामुळे ऐन वेळी पृथ्वीवरून सुकाणू हाती घेण्याचा प्रश्नच नाही. यानानं स्वतःच निभावून न्यायचं. पण खरी अडचण तिसरीच आहे. गुरूचं चुंबकीय क्षेत्र विद्युतभारित कणांना पकडून प्रचंड वेगानं फिरवत ठेवतं, आणि युरोपा नेमका त्या पट्ट्यात आहे. त्याच्या पृष्ठभागावर उघड्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला एका दिवसात जीवघेणा ठरेल एवढं, साधारण 5.4 सिव्हर्ट, रेडिएशन मिळेल. इलेक्ट्रॉनिक्स माणसापेक्षा चिवट असतं, पण तेही तिथे झिजत जातं. म्हणजे युरोपाजवळ घालवलेल्या प्रत्येक तासाची किंमत यानाच्या आयुष्यातून वजा होते. मोहिमेचा आराखडा मांडणाऱ्यापुढे इंधन, वजन आणि पैसा यांच्या जोडीला ही चौथी शिल्लक असते, आणि ती एकदा खर्च झाली की पृथ्वीवरून भरून देता येत नाही.

या अटी ठाऊक असूनही सुरुवातीचे बेत भव्यच होते. युरोपाभोवती फिरणाऱ्या यानाची नासाची योजना 2002 मध्ये खर्चाच्या कारणावरून रद्द झाली. तिच्या जागी आलेली ‘जिमो’ त्याहून महत्त्वाकांक्षी: यानावर चक्क अणुभट्टी, तिच्या विजेवर चालणारी इंजिनं, आणि कॅलिस्टो, गॅनिमीड व युरोपा या तिघांभोवती एकामागून एक कक्षा. हे सगळं तंत्रज्ञान आधी तयार करायचं आणि मग विज्ञान. 2005 मध्ये तीही गुंडाळली गेली. पुढे 2011 च्या दशवार्षिक आढाव्यात अमेरिकी ग्रहवैज्ञानिकांनी युरोपाला अग्रक्रम दिला खरा, पण समोर असलेल्या परिक्रमायानाचा 4.7 अब्ज डॉलरचा अंदाज पाहून हे परवडणारं नाही, आवाका कमी करून या, असंही बजावलं. या तिन्ही वेळी वैज्ञानिक प्रश्न चुकीचा नव्हता. चूक होती ती ‘एकदाच जायचं आहे तर सगळंच करू’ या वृत्तीत. ज्या वस्तूच्या किमतीत वीस वर्षांचं बजेट जातं, तिच्यात आणखी एक उपकरण घालण्याचा मोह कुणालाही आवरत नाही. प्रत्येक नवं उपकरण वजन वाढवतं, वजन इंधन वाढवतं, वीज वाढवतं, कवच वाढवतं, आणि शेवटी यान एवढं चांगलं होतं की ते कधी उडतच नाही.

‘आवाका कमी करा’ या आदेशातून जे निघालं ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत हुशार पान वाटतं. युरोपाभोवती फिरत राहणं ही अटच सोडून दिली गेली. परिक्रमायान तिथे काही महिने जगलं असतं, आणि तेवढ्या काळात उपकरणांनी जेवढी माहिती गोळा केली असती तेवढी पृथ्वीकडे पाठवायला वेळच पुरला नसता. डेटा घेऊन यान मेलं असतं. क्लिपर त्याऐवजी गुरूभोवती लांबट कक्षेत फिरेल. साधारण तीन आठवड्यांच्या एका फेरीत जेमतेम दिवसभर ते युरोपाच्या जवळ आणि पट्ट्याच्या तडाख्यात असेल, उरलेले दिवस बाहेर राहून जमवलेली माहिती निवांत पाठवत बसेल. तापलेल्या तव्यावरची भाकरी हातानं उलटणारी बाई बोटं तव्यावर ठेवत नाही. टेकवते आणि उचलते. अशा 49 भेटी ठरल्या आहेत, सर्वांत जवळची पृष्ठभागापासून 25 किलोमीटरवर. प्रत्येक वेळी वाट थोडी वेगळी, त्यामुळे तुकड्यातुकड्यांनी जवळपास पूर्ण चंद्र पाहून होईल. नाजूक इलेक्ट्रॉनिक्स ॲल्युमिनियम-जस्ताच्या मिश्रधातूच्या, सुमारे 9 मिलिमीटर जाड भिंतींच्या पेटीत बंद आहे. एक गोष्ट सोडली आणि त्या बदल्यात आयुष्य वाढलं, डेटा वाढला, खर्च आटोक्यात आला. काटछाट म्हणजे नुकसान, हे समीकरण इथे साफ उलटं पडतं.

काटछाट प्रत्येक वेळी इतकी सुरेख नसते, हेही नोंदवायला हवं. ‘आइसमॅग’ नावाचा गुंतागुंतीचा चुंबकमापी खर्च वाढत गेल्यामुळे 2019 मध्ये काढून टाकला गेला आणि त्याच्या जागी साधा चुंबकमापी आला. महासागराचा शोधच ज्या प्रकारच्या उपकरणानं लावला, त्याच्यावर कुऱ्हाड पडावी यात विडंबना आहे आणि त्या गटाची नाराजी समजण्यासारखी आहे. पण साध्या उपकरणानंही महासागराची खोली आणि खारटपणा यांचा अंदाज घेता येतो. एकाच उपकरणाच्या वाढत्या बिलानं बाकीच्या आठांचा बळी घेण्यापेक्षा हे बरं. रॉकेटचीही गोष्ट अशीच. क्लिपर नासाच्या स्वतःच्या एसएलएस रॉकेटवरूनच जाईल, असं अमेरिकी काँग्रेसनं कायद्यातच लिहून ठेवलं होतं. एसएलएसनं तीनेक वर्षांत गुरू गाठता आला असता. पण ते रॉकेट महाग, चंद्रावर माणूस नेण्याच्या कार्यक्रमासाठी राखलेलं, आणि त्याचे हादरे यानाला सोसवतील का ही शंका. शेवटी अट उठली आणि क्लिपर फाल्कन हेवीवरून गेलं. ते 1 मार्च 2025 रोजी मंगळाजवळून गेलं, डिसेंबर 2026 मध्ये पृथ्वीजवळून जाईल आणि दोन्हींच्या गुरुत्वाकर्षणाचा जोर घेऊन एप्रिल 2030 मध्ये गुरूपाशी पोहोचेल. साडेपाच वर्षांचा प्रवास पत्करून साधारण दोन अब्ज डॉलर वाचले. त्याच काळात टेक्सासचे खासदार जॉन कल्बरसन युरोपावर उतरणाऱ्या यानासाठी पैसे मंजूर करून घेत होते. 2018 मध्ये ते निवडणूक हरले आणि उतरणारं यान बासनात गेलं. राजकारण ही आराखड्याबाहेरची कटकट आहे असं वैज्ञानिकांना वाटतं, पण वीस वर्षं चालणाऱ्या कामात निवडणुका रेडिएशनइतक्याच ठरलेल्या असतात.

काटछाटीचं मोल कसं कळतं याचं एक उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे. मे 2024 मध्ये, उड्डाणाला पाच महिने उरले असताना, क्लिपरच्या अभियंत्यांना कळलं की यानात सगळीकडे बसवलेला एका प्रकारचा ट्रान्झिस्टर अपेक्षेपेक्षा कमी रेडिएशनला नादुरुस्त होतो. यान बांधून पूर्ण झालेलं. ट्रान्झिस्टर बदलायचे तर पेटी उघडावी लागणार, आणि मग उड्डाणाची संधी हुकणार. चार महिने प्रयोगशाळांतून दिवसरात्र चाचण्या चालल्या. त्यांतून जे दिसलं ते असं: रेडिएशनचा मारा थांबला आणि थोडी ऊब मिळाली की या ट्रान्झिस्टरांची झालेली हानी काही प्रमाणात आपोआप भरून निघते. आणि क्लिपरला तर दर फेरीत पट्ट्याबाहेर जवळपास वीस दिवस मिळणारच आहेत. युरोपाभोवती सलग फिरणाऱ्या यानाला ही उसंत मिळाली नसती. सप्टेंबरमध्ये उड्डाणाला हिरवा कंदील मिळाला. ट्रान्झिस्टरांच्या तब्येतीवर लक्ष ठेवण्यासाठी तेवढी एक छोटी पेटी जास्तीची बसवली गेली. दहा वर्षांपूर्वी पैसे नाहीत म्हणून घेतलेल्या एका निर्णयानं, त्या वेळी कुणाच्या ध्यानीमनी नसलेल्या संकटातून यानाला वाचवलं. यात नशिबाचा भाग आहे, नाकारत नाही. पण वेळेची ती ऐसपैस जागा आराखड्यात होती म्हणूनच नशीब कामी आलं.

आता मुख्य आक्षेपाकडे. एवढं सगळं करून जीव आहेत का, हे विचारणारच नाही? याचं उत्तर मंगळावर 1976 मध्येच मिळून गेलं आहे. व्हायकिंग यानांनी मंगळावर उतरून मातीत जीव आहेत का, हा प्रश्न थेट विचारला. तीन प्रयोग होते. त्यांतल्या एकात, गिल्बर्ट लेव्हिन यांच्या, मातीला पोषक द्रव दिल्यावर वायू बाहेर पडला. अपेक्षा होती तशीच ही ‘होकारार्थी’ खूण. पण दुसऱ्या उपकरणाला मातीत सेंद्रिय रेणू म्हणावे असे सापडेनात. सेंद्रिय पदार्थच नाहीत तर जीव कुठले, म्हणून बहुतेकांनी त्या वायूचं श्रेय मातीच्या रसायनाला दिलं. लेव्हिन मात्र शेवटपर्यंत आपल्या निष्कर्षावर ठाम राहिले. 2008 मध्ये फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट सापडलं, आणि लक्षात आलं की व्हायकिंगनं माती तापवली तेव्हा हेच क्षार सेंद्रिय रेणू जाळून टाकू शकले असते. म्हणजे माती कशाची आहे हे ठाऊक नसताना तिच्यात जीव शोधायला गेलो, आणि जे उत्तर आलं ते वाचताच येईना. आधी विचारायला हवा होता तो प्रश्न नंतर विचारला गेला, आणि दरम्यान तीस वर्षं वादात गेली. युरोपाबाबत आपली अवस्था आज व्हायकिंगच्या आधीच्या मंगळासारखी आहे: बर्फ नेमका किती जाड, पाणी वर येतं का, त्यात क्षार कोणते, पृष्ठभागावर दिसणारे तपकिरी डाग कशाचे, हे माहीत नाही. क्लिपरचं रडार बर्फाच्या आत पाहील, धूलिकण तपासणारं उपकरण पृष्ठभागावरून उडालेल्या कणांचं रसायन सांगेल, वस्तुमान-वर्णपटमापी विरळ वायू हुंगेल. हे उत्तर हाती नसताना बर्फावर जीवशोधक पाठवणं म्हणजे व्हायकिंगची चूक दहापट किमतीत पुन्हा विकत घेणं.

यापेक्षा अवघड आक्षेप दुसरा आहे, आणि त्याला झटकून टाकता येत नाही. प्रश्न आधीच आखून घेतला तर न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कसं सापडणार? शनीच्या एन्सेलॅडस या चंद्राचं उदाहरण सगळे देतात, आणि बरोबर देतात. जेमतेम 500 किलोमीटर व्यासाचा हा बर्फाचा गोळा शनीकडे गेलेल्या कॅसिनी मोहिमेच्या यादीत खालच्या रांगेत होता. 2005 च्या सुरुवातीला दुरून जाताना चुंबकमापीला शनीचं क्षेत्र या चंद्राभोवती किंचित वाकल्यासारखं दिसलं, जणू त्याला वातावरण असावं. लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या मिशेल डॉहर्टी यांनी मोहिमेच्या व्यवस्थापकांना पटवलं की जुलैमधली भेट ठरल्यापेक्षा खूपच जवळून घ्यावी. यान 173 किलोमीटरवरून गेलं आणि दक्षिण ध्रुवाकडून पाण्याची वाफ उसळते आहे हे स्पष्ट झालं. पुढच्या वर्षांत त्या फवाऱ्यांत क्षार, सेंद्रिय रेणू, 2017 मध्ये जाहीर झालेला हायड्रोजन, आणि कॅसिनी संपल्यावर सहा वर्षांनी त्याच्या जुन्या नोंदींतून सापडलेलं फॉस्फेट. सौरमालेत जीव शोधायला सर्वांत योग्य जागांपैकी एक अशी या चंद्राची आजची ओळख एका न आखलेल्या वळणातून आलेली आहे. मग छाटणीचं समर्थन कसं करायचं?

माझं म्हणणं असं की या गोष्टीतून जो धडा काढला जातो तो थोडा चुकीचा आहे. कॅसिनीला फवारे सापडले ते त्याच्या प्रश्नांची यादी लांब होती म्हणून नव्हे. फवाऱ्यांचा प्रश्न त्या यादीत नव्हताच. सापडले ते हाताशी इंधन होतं, वेळ होता आणि वाट बदलायला तयार असलेली माणसं होती म्हणून. उपकरणंही ठरावीक चंद्रासाठी घडवलेली नव्हती, मूलभूत मोजमापं करणारी होती: क्षेत्र, कण, वायू, उष्णता. मोहिमेत प्रश्न जितके जास्त कोंबाल तितकी प्रत्येक फेरी आधीच कुणाच्या तरी नावावर लिहिलेली असते, आणि अचानक दिसलेल्या गोष्टीसाठी मोकळी जागा उरत नाही. तरी एक कबूल करायला हवं. क्लिपरची रचना युरोपाच्या बर्फाभोवती एवढी घट्ट विणलेली आहे की आश्चर्य जर कॅलिस्टोवर वाट पाहत असेल, तर क्लिपरला ते दिसण्याची शक्यता कमी. ती जबाबदारी युरोपीय अवकाश संस्थेच्या ‘ज्यूस’ यानाकडे जाते. ते 14 एप्रिल 2023 ला निघालं, 2031 मध्ये गुरूपाशी पोहोचेल आणि 2034 च्या अखेरीस गॅनिमीडभोवती स्थिरावेल. दोन यानांनी दोन अरुंद प्रश्न वाटून घ्यावेत, एकानं सगळे नव्हे.

अरुंद प्रश्न म्हणजे उत्तर गृहीत धरणं नव्हे, हे कॅसिनीसोबत जाऊन शनीच्या टायटन या चंद्रावर उतरलेल्या ह्युजेन्स यानानं दाखवलं. खाली घट्ट जमीन आहे की द्रवाचं तळं, हे ते बांधताना कुणाला माहीत नव्हतं. म्हणून ते मुख्यतः वातावरणातून पॅराशूटनं उतरताना मोजमाप करणारं यान म्हणून घडवलं गेलं. जमिनीवरची काही मिनिटं मिळाली तर बोनस. 14 जानेवारी 2005 ला ते अडीच तास उतरत राहिलं, टेकलं, आणि कॅसिनी क्षितिजाखाली जाईपर्यंत 72 मिनिटं बोलत राहिलं. पण त्याआधीची कथा नियोजकांनी पाठ करावी अशी. यान वाटेत असताना, 2000 मध्ये, बोरिस स्मेड्स या युरोपीय संस्थेच्या अभियंत्यानं आग्रह धरून पृथ्वीवरून ह्युजेन्ससारखा खोटा संदेश कॅसिनीला पाठवून पाहिला. कळलं की दोन यानांच्या सापेक्ष वेगामुळे संदेशाची लय बदलते आणि कॅसिनीचा रिसीव्हर ती पकडू शकत नाही. रिसीव्हर बदलणं अशक्य, म्हणून वाटच बदलली: कॅसिनी टायटनपासून 1,200 किलोमीटरवरून जाणार होतं, ते सुमारे 60,000 किलोमीटरवरून नेलं, म्हणजे सापेक्ष वेग कमी. एवढं सावरूनही दोनपैकी एका चॅनेलचा रिसीव्हर सुरू करण्याची आज्ञा राहून गेली आणि निम्मी चित्रं गेली. त्या चॅनेलवरचा वाऱ्याचा प्रयोगही बुडालाच होता, पण पृथ्वीवरच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींनी ह्युजेन्सचा क्षीण आवाज थेट ऐकला आणि वारे मोजता आले. दूरच्या यानाचं उतरणं असं थेट ऐकण्याचं काम पुढे आपल्याकडेही झालं: 19 ऑक्टोबर 2016 ला मंगळावर उतरणाऱ्या शियापारेली यानाचा संदेश नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनं टिपला, आणि तो अचानक थांबल्याचंही तिथेच दिसलं.

तिसरा आक्षेप ताजा आहे: आता रॉकेटं मोठी आणि स्वस्त होत चालली आहेत, मग ही काटकसर जुन्या काळाची नाही का? एक आकडा पुरेसा आहे. क्लिपरच्या फाल्कन हेवीचा करार सुमारे 17.8 कोटी डॉलरचा होता. एकूण खर्चाच्या साडेतीन टक्क्यांच्या आसपास. रॉकेट फुकट मिळालं असतं तरी बिलात फारसा फरक पडला नसता. पैसा जातो तो वर्षानुवर्षं चाचण्या करणाऱ्या माणसांवर, एकदाच बनणाऱ्या उपकरणांवर, आणि मध्येच उपटणाऱ्या ट्रान्झिस्टरसारख्या भानगडींवर. जास्त वजन नेता आलं तर जाड कवच आणि साधी, मजबूत बांधणी परवडेल, हे खरं. पण तेच मोकळं वजन जर आणखी उपकरणांनी भरलं तर आपण पुन्हा ‘जिमो’पाशी येऊन उभे राहू. टायटनकडे जाणारं ‘ड्रॅगनफ्लाय’ पाहा. तिथली हवा पृथ्वीच्या चौपट दाट आणि गुरुत्वाकर्षण सातव्या हिश्शाचं, म्हणून चाकांऐवजी आठ पंख्यांचं उडतं यान ही कल्पना जागेकडूनच आलेली आहे. सूर्यप्रकाश पृथ्वीच्या एक टक्का, त्यातही धुकं. म्हणून वीज प्लुटोनियमच्या उष्णतेतून. ती एकदम उडण्याइतकी मिळत नाही, म्हणून टायटनच्या लांबलचक रात्री बॅटरी भरायची आणि दिवसा थोडं उडायचं. उत्तम आराखडा. तरीही 2019 च्या निवडीनंतर खर्च फुगत 3.35 अब्ज डॉलरवर आणि उड्डाण जुलै 2028 वर गेलं. कल्पना चोख असली तरी काम लांबलं की बिल वाढतंच.

भारताची बाहेरच्या ग्रहांकडे जाणारी मोहीम अजून नाही, त्यामुळे इथे आपल्या अनुभवाला मर्यादा आहे. पण चांद्रयान-3 त्याच वाटेनं गेलं हे विसरायला नको. चांद्रयान-2 मध्ये परिक्रमायान, लँडर आणि रोव्हर असं सगळं एकत्र होतं. तिसऱ्या खेपेला आधीचं परिक्रमायान चालूच असल्यानं ते गाळलं, उतरण्याची जागा 500 मीटरच्या चौकोनावरून 4 किलोमीटर बाय 2.4 किलोमीटर एवढी सैल केली, आणि सगळं लक्ष 23 ऑगस्ट 2023 च्या त्या शेवटच्या काही मिनिटांवर दिलं.

छाटणीचा हा युक्तिवाद ‘जीव कधीच शोधू नका’ इथपर्यंत ताणता येत नाही, आणि एन्सेलॅडस तिथेच वेगळा पडतो. युरोपाला आज जे विचारायचं आहे, त्यातलं बरंचसं कॅसिनीनं तिथे विचारून घेतलं आहे. पाणी आहे, क्षार आहेत, सेंद्रिय रेणू, ऊर्जेचा स्रोत ठरू शकेल असा हायड्रोजन आणि फॉस्फेटही आहे. शिवाय बर्फ फोडायची गरज नाही, महासागर स्वतःच नमुने अवकाशात उधळतो. म्हणून 2022 च्या अमेरिकी दशवार्षिक आढाव्यात युरेनसच्या मोहिमेखालोखाल ‘ऑर्बिलँडर’ या एन्सेलॅडसच्या मोहिमेला स्थान मिळालं, आणि युरोपीय संस्थेच्या तज्ज्ञांनीही 2024 मध्ये एन्सेलॅडसचीच शिफारस केली. तिथे थेट प्रश्न विचारायला हरकत नाही, अट एवढीच की व्हायकिंगसारखं एका होकारावर विसंबून न राहता, एकमेकांची उलटतपासणी करतील अशी वेगवेगळ्या तत्त्वांची उपकरणं हवीत. अमेरिकी आणि युरोपीय अशा दोन्ही आराखड्यांत आधी परिक्रमा आणि मग उतरणं आहे, आणि माझा इशारा नेमका त्यावर आहे. दोन्हींसाठी पैसा पुरणार नाही अशी वेळ आली तर परिक्रमेतली नकाशाची कामं कापावीत, ध्रुवाजवळ बसून साठणारा बर्फ तपासणाऱ्या उपकरणांना हात लावू नये. नकाशाचं बरंचसं काम कॅसिनीनं करून ठेवलं आहे. आणि कॅलेंडरही थांबणार नाही. मे 2025 मध्ये शनीवर संपात झाला, त्यामुळे एन्सेलॅडसचा दक्षिण ध्रुव साधारण 2039 पर्यंत उजेडात राहील आणि मग 2050 च्या दशकाच्या मध्यापर्यंत काळोखात. अमेरिकी आराखडा किरणोत्सर्गी उष्णतेवर चालतो, त्याला याची फिकीर नाही. सौरऊर्जेवर तिथे उतरू पाहणाऱ्यांना मात्र उजेड परतेल त्याच सुमाराला पोहोचावं लागेल. म्हणजे उड्डाण 2040 च्या दशकाच्या पूर्वार्धात, आणि उपकरणांच्या यादीवर शेवटची कात्री त्याच्या निदान दहा वर्षं आधी.